पावसाआधी उभा करायचा दुवा

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

तालुक्याचे इंटरनेट बहुधा एकाच जागी तुटते. ऑप्टिकल फायबरची केबल रस्त्याच्या कडेने जाते आणि नदी आली की पुलाला बांधून पलीकडे नेलेली असते. पूल खचला, दरडीबरोबर रस्त्याची कड गेली किंवा रुंदीकरणाच्या जेसीबीने केबल उचकटली, की पलीकडचे सगळे मोबाइल टॉवर एकदम निकामी होतात. टॉवर जागेवर उभे असतात, जनरेटरमध्ये डिझेल असते, फोनवर कधीकधी रेंजच्या रेघाही दिसतात. पण टॉवरपासून पुढे जाणारी वाट गेलेली असते. ज्या भागाला दुसऱ्या दिशेने दुसरी वाट नाही, तो त्या क्षणापासून उरलेल्या राज्याशी बोलू शकत नाही.

महाराष्ट्राने हे पुन्हापुन्हा भोगले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागांबरोबर विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद पडले आणि काही गावांत वीज यायला आठवडे लागले. २२ जुलै २०२१ च्या पावसात वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि मदतपथके तिथे पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. गडचिरोलीत तर यासाठी वादळही लागत नाही. पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागड आणि पलीकडची शंभराहून अधिक गावे तुटतात, आणि हे जवळजवळ दर पावसाळ्यात होते.

इंटरनेट जाणे म्हणजे करमणूक जाणे, असे आता राहिलेले नाही. रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी नेटवर अवलंबून असते. बँकेचे व्यवहार, ग्रामीण रुग्णालयाने जिल्हा रुग्णालयाकडे पाठवायचा एक्स-रे, तलाठ्याने पाठवायचे पंचनाम्याचे फोटो, नुकसानभरपाईच्या याद्या, सगळे त्याच वाटेने जाते. मदत मागण्याची आणि मिळण्याची दोन्ही साधने एकाच केबलवर ठेवायची आणि ती केबल नदीच्या पुलाला बांधायची, ही आजची व्यवस्था आहे.

तुटलेल्या भागाला परत जोडण्याचा एक मार्ग जमिनीवरून जातच नाही. दोन उंच जागांवर एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन डिश बसवायच्या, प्रत्येकीला एक छोटा रेडिओ जोडायचा, आणि मधली दरी, नदी, जंगल, खाडी यांच्यावरून लहरींनी वाहतूक न्यायची. एका टोकाला चालू इंटरनेट असले की ते दुसऱ्या टोकाला मिळते. उपकरणे घरातल्या वाय-फायच्याच कुळातली आहेत, आणि साध्या प्रतीची घेतली तर दोन्ही टोकांची मिळून किंमत लाख रुपयांच्या आत राहते. तेवढ्याच अंतराची केबल टाकायला महिने लागतात. जागा, खांब आणि वीज तयार असेल तर असा दुवा एका दिवसात चालू होतो. या पत्राचा सारा भर त्या ‘तयार असेल तर’ या अटीवर आहे.

पहिली अट दृष्टिरेषेची. या लहरी सरळ जातात, डोंगराला वळसा घालत नाहीत. पण नुसते समोरचे टोक दुर्बिणीतून दिसले की झाले, असे नाही. दोन डिशमधली जागा मधे फुगलेल्या काकडीच्या आकारात मोकळी लागते. हा फुगवटा अंतराबरोबर वाढतो, आणि त्यात झाडाचे शेंडे किंवा कातळाची धार शिरली की समोरचे टोक दिसत असूनही संदेश क्षीण होतो. त्यात पृथ्वीच्या गोलाईची भर पडते. हवेतून जाताना लहरी किंचित खाली वाकतात, ती सवलत धरली तरी ३० किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर जमीन सुमारे १३ मीटर वर आल्यासारखी असते. ७० किलोमीटरला हा आकडा ७० मीटरच्या पुढे जातो.

कोकणासाठी हे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरहून उंच आहे आणि तिथून श्रीवर्धन सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर. ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरल्या तर या वाटेच्या मध्यावर जमिनीपासून सुमारे ९० मीटरची मोकळीक हवी : ७२ गोलाईसाठी, १८ त्या फुगवट्यासाठी. घाटमाथ्याच्या बाजूला ती सहज मिळते. अडचण येते ती किनाऱ्याजवळ, जिथे शेवटच्या टेकड्या गावाला आपल्या आडोशाला घेतात. म्हणून पलीकडची डिश गावात बसवून चालत नाही. गावामागच्या टेकडीवर बसवावी लागते आणि तिथून दुसरा, चार-पाच किलोमीटरचा छोटा दुवा खाली उतरवावा लागतो. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक बंदराच्या गावाला हे लागू आहे. कोणत्या टेकडीवरून कोणती टेकडी दिसते, याचा नकाशा उपग्रहांनी मोजलेल्या उंचीच्या आकड्यांवरून आज टेबलाशी बसून करता येतो. मग माणसाने तिथे चढून खात्री करायची. त्या नकाशांना झाडाची वाढ किंवा नवी इमारत दिसतेच असे नाही.

इतक्या लांब वाय-फाय जाते कसे, हा प्रश्न रास्त आहे. ते मुळात शंभरेक मीटरसाठी घडवलेले आहे. माहितीचे प्रत्येक पुडके पाठवल्यावर रेडिओ पोचपावतीची वाट पाहतो, आणि ती काही मायक्रोसेकंदांत आली नाही की पुडके हरवले असे समजून पुन्हा पाठवतो. ७० किलोमीटर जाऊन परत यायलाच प्रकाशाला साडेचारशेहून अधिक मायक्रोसेकंद लागतात. तेव्हा पावती वाटेत असतानाच रेडिओ पुन्हा ओरडतो आणि स्वतःच स्वतःची वाट अडवतो. या अडचणीवरचे महत्त्वाचे काम भारतात झाले. कानपूरच्या आयआयटीत भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये अशी पद्धत मांडली की दोन्ही टोकांनी आळीपाळीने, ठरल्या वेळी बोलावे आणि दर पुडक्याला पावतीसाठी थांबू नये. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या गटाने तीच दिशा पुढे नेली, आणि तामिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाने तिचा रोजच्या कामासाठी उपयोग केला. तेनीच्या रुग्णालयात बसलेला डॉक्टर खेड्यातल्या दृष्टी केंद्रावर आलेल्या रुग्णाशी व्हिडिओवर बोलू लागला. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अँडीज पर्वतातील एल आगिला शिखर आणि प्लाटियॉन टेकडी यांच्यामध्ये ३८२ किलोमीटरचा दुवा चालवून दाखवला. असा विक्रम रोजच्या वापरासाठी नसतो. पण ३०-४० किलोमीटर हे अंतर यंत्रांच्या आवाक्यात किती आरामात बसते, ते त्याने सिद्ध केले. आळीपाळीने बोलण्याची ती पद्धत आज बाजारातल्या साध्या बाह्य रेडिओंमध्येही तयार मिळते.

कायद्याची अडचणही पूर्वीइतकी उरलेली नाही. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातला ६०५ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त केला. त्याच्या वरच्या भागात डिशचा जोर धरून ४ वॅटपर्यंत प्रक्षेपण करता येते. या मर्यादेत ३० किलोमीटरचा दुवा भरवशाचा होतो आणि ७० किलोमीटरचा दुवा चालतो, पण काठावर. ऐकणाऱ्या बाजूची डिश मोठी केली तर तोही सुधारतो, कारण मर्यादा बोलण्यावर आहे, ऐकण्यावर नाही. तरीही एक लांब उडी घेण्यापेक्षा मधे एक टप्पा घेऊन दोन मध्यम उड्या घेणे शहाणपणाचे. याच पट्ट्याचा काही भाग हवामानाची रडारेही वापरतात. वादळाच्या दिवशी रडारच्या कामात लुडबुड होऊ नये म्हणून दुव्याची वारंवारता आधीच तपासून ठरवलेली हवी.

पावसात दुवा बंद पडेल, ही शंका सर्वांत आधी येते. ती निम्मी खरी आहे. ताशी १०० मिलिमीटरच्या झोडपणाऱ्या पावसात ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी दर किलोमीटरला सुमारे १ डेसिबल गमावतात, आणि इतका जोराचा पाऊस एका वेळी साऱ्या वाटेवर नसतो. काही किलोमीटरच्या पट्ट्यात असतो. ६० गिगाहर्ट्झच्या आधुनिक, अतिवेगवान रेडिओंचे नुकसान त्याच पावसात दर किलोमीटरला ३० डेसिबलच्या आसपास होते. शहरात गच्चीवरून गच्चीवर ते उत्तम, पण कोकणाच्या जुलैत लांब पल्ल्यासाठी निरुपयोगी. आपत्तीसाठी खरेदी करताना वेगाचा आकडा पाहून भुलू नये. पावसाचा खरा मार हवेत बसत नाही, सांध्यात बसतो. केबलच्या जोडात पाणी शिरते, गंज चढतो आणि दुवा हळूहळू मरतो. महाबळेश्वरला जुलै २०२१ मध्ये चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. अशा ठिकाणी जोडावर रबरी टेपचे थर नीट चढवणे आणि केबलला खाली झोळ देऊन पाणी ठिबकू देणे हे रेडिओच्या ब्रँडपेक्षा जास्त मोलाचे काम आहे.

खाडी ओलांडणाऱ्या दुव्यांना आणखी एक व्याधी असते. पाण्याचा पृष्ठभाग लहरी परतवतो. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून उसळलेली लहर कधी एकमेकींना बळ देतात, कधी खोडतात. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी बदलली की हा हिशेबही बदलतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉख होर्न या समुद्राच्या फाट्याभोवतीच्या वस्त्यांसाठी एडिंबरा विद्यापीठातील पीटर ब्युनेमन आणि महेश मरीना यांनी तेगोला नावाचे जाळे उभारले, तेव्हा संदेशाचा जोर भरतीच्या वेळापत्रकाबरोबर वरखाली होताना त्यांना मोजता आला. उपाय सोपा आहे : दोन डिश वेगवेगळ्या उंचीवर लावायच्या, म्हणजे एक खोडली गेली तर दुसरी ऐकते. दाभोळ, बाणकोट, राजपुरी या खाड्यांवर दुवा टाकण्यापूर्वी तो किमान एका अमावास्येच्या उधाणातून पाहून घेतला पाहिजे.

भामरागडचा प्रश्न वेगळा आहे. तिथे अडथळा जंगलाचा आहे, आणि ओल्या पानांमधून ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पार होत नाहीत. खांब सागाच्या शेंड्यांच्या वर न्यावा लागतो, किंवा कमी वारंवारता वापरावी लागते. टीव्हीच्या जुन्या पट्ट्यातल्या मोकळ्या जागा या कामाच्या आहेत, कारण त्या लहरी झाडीतून बऱ्या जातात. मुंबईच्या आयआयटीत अभय करंदीकर यांच्या मार्गदर्शनाखालील ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील खेड्यांमध्ये याचे प्रयोग केले आहेत. या प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्ञान घरचे आहे, त्याचा अनुभवही याच राज्याच्या मातीतला आहे. तो आपत्ती आराखड्यात यायला हवा.

आता विजेचा हिशेब, कारण अनेक दुवे रेडिओ बिघडून नव्हे, वीज संपून बंद पडतात. डोंगरावरच्या टप्प्यावर दोन रेडिओ आणि एक स्विच मिळून सुमारे २५ वॅट खातात, म्हणजे दिवसाला ६०० वॅट-तास. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांमध्ये ३,६०० वॅट-तास मावतात. निम्म्याहून खाली उतरवायचे नाही असे ठरवले तर सूर्य न दिसता तीन दिवस निघतात. सौर पॅनेलचा आकार उन्हाळ्यातल्या उन्हावर ठरवला की घोटाळा होतो. भर पावसाळ्यात दिवसाला दोन तासांच्या उन्हाइतकीच वीज मिळेल असे धरून किमान ४०० वॅटचे पॅनेल हवे. विजा कोसळतात तेव्हा अर्थिंग नसलेला रेडिओ पहिल्याच गडगडाटात जातो, आणि कोकणच्या सड्यावर अर्थिंगची सळई सहज उतरत नाही. ते काम मे महिन्याच्या आत, कातळ फोडून करावे लागते.

जागांचा शोध शून्यापासून घ्यायची गरज नाही. पोलिसांच्या बिनतारी विभागाची पुनःप्रक्षेपण केंद्रे, आकाशवाणी-दूरदर्शनचे मनोरे, वनखात्याचे टेहळणी मनोरे, बीएसएनएलचे टॉवर हे सारे उंचावर आहेत आणि सरकारी आहेत. गडकिल्ल्यांवरून दूरवर दिसते हे खरे. पण संरक्षित किल्ल्यावर खांब उभारायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते आणि ती लागायलाच हवी. किल्ल्याला धक्का न लावता शेजारची टेकडी पुष्कळदा पुरते.

दुसरे टोक कुठे बांधायचे, याकडे सहसा दुर्लक्ष होते. दुवा ज्या चालू इंटरनेटला जोडायचा, ते त्याच पुलावरून येत असेल तर सारी मेहनत वाया. रायगडच्या किनाऱ्याची दुसरी वाट साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या बाजूने, म्हणजे वेगळ्या नदीखोऱ्यातून यायला हवी. सरकारी कार्यालयांच्या सीमा जिल्ह्यावर संपतात, लहरींच्या संपत नाहीत. त्यामुळे हा करार दोन जिल्ह्यांमध्ये आधीच झालेला असला पाहिजे, आणि तो घडवून आणणे राज्य प्राधिकरणाचेच काम आहे.

असा दुवा ३०-५० मेगाबिट देतो. आख्ख्या तालुक्याला व्हिडिओ पाहायला ते पुरणार नाहीत. पण एका फोन-संभाषणाला सुमारे १०० किलोबिट पुरतात, म्हणजे १० मेगाबिटमध्ये शंभर माणसे एकाच वेळी बोलू शकतात. तहसील कचेरी, ग्रामीण रुग्णालय, पोलीस ठाणे यांचा वाटा राखून ठेवायचा. रेशन दुकाने आणि बँक त्यानंतर. आणि एसटी स्टँडवर लोकांसाठी खुले वाय-फाय, ज्यावर निरोप आणि बोलणे चालेल, सिनेमा चालणार नाही. हा शेवटचा वाटा कधीही कापू नये. मुंबईतल्या मुलाला घरची खबर मिळाली नाही तर तो बंद रस्त्याने गावाकडे निघतो, आणि मदतीच्या वाटेवर आणखी एक गाडी अडकते. मोबाइल कंपनीचा एखादा टॉवर या दुव्यावर जिवंत करता आला आणि आपत्तीत एका कंपनीच्या टॉवरवरून सगळ्यांना बोलू देणारी सोय तिथे लागू केली, तर लोकांना स्टँडवर यायचीही गरज उरत नाही.

उपग्रह असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. पहिल्या काही तासांसाठी उपग्रहच योग्य. टोंगा या द्वीपराष्ट्राची समुद्राखालची केबल जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखी स्फोटात तुटली, तेव्हा ती दुरुस्त होईपर्यंतचे पाच आठवडे उपग्रहावरच काढावे लागले. पण उपग्रहावरची जागा महाग आणि मर्यादित असते, आणि ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत बोलताना प्रत्येक उत्तराला अर्ध्या सेकंदाहून अधिक उशीर होतो. जवळून फिरणाऱ्या उपग्रहांनी तो उशीर घालवला आहे, तरी त्यांची किल्ली दूरच्या कंपनीच्या हातात असते. टेकडीवरचा दुवा तालुक्यातल्या माणसाला दुरुस्त करता येतो.

आणि सर्वांत मोठा प्रश्न माणसांचाच आहे. नेपाळमधील म्याग्दी जिल्ह्यात नांगी नावाच्या खेड्यातले शिक्षक महावीर पुन यांनी डोंगरावरून डोंगरावर उड्या घेत गावांना पोखराशी जोडले. सुरुवातीचे टप्पे झाडांवर बांधलेले होते. त्यांना २००७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या जाळ्यावर शाळा आणि दवाखाने रोज चालत होते, आणि बिघाड झाला तर डोंगर चढून जाणारी माणसे गावातलीच होती. आपल्याकडची आपत्तीची सामग्री बहुधा उलट वागवली जाते. ती खरेदी होते, गोदामात जाते, आणि गरज पडते तेव्हा बॅटरी उतरलेली, पासवर्ड हरवलेला आणि चालवणारा कर्मचारी बदलून गेलेला असतो. दूर अंतरावरची डिश जुळवणे हे हाताचे कसब आहे. तिचा झोत पाच-सहा अंशांचा असतो. होकायंत्राने दिशा धरायची, मग एका टोकाच्या माणसाने केसाएवढी सरकवायची आणि दुसऱ्याने आकडा वाचून सांगायचा. तेव्हा फोन बंद असतात, म्हणून सांगायला वॉकी-टॉकी लागते. हे काम पहिल्यांदाच वादळात, रात्री, ओल्या मनोऱ्यावर चढून करायला लावणे कोणावरही अन्याय आहे. दुवा वर्षभर चालू असेल, त्यावर आश्रमशाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र रोज काम करत असेल, तरच तो आपत्तीच्या दिवशी चालेल.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ३० ने संपर्कयंत्रणा सुस्थितीत राखणे आणि ठरावीक काळाने सराव घेणे ही जबाबदारी जिल्हा प्राधिकरणावर टाकली आहे. त्या आधाराने राज्य प्राधिकरणाने येत्या पावसाळ्यापूर्वी रायगड, रत्नागिरी आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांत दृष्टिरेषांचे सर्वेक्षण करून घ्यावे. श्रीवर्धन आणि भामरागड इथे एकेक कायमचा दुवा उभारावा. स्थानिक आयटीआयच्या मुलामुलींना तो चालवायला आणि दुरुस्त करायला शिकवून त्याचे मानधन द्यावे. आणि दर मे महिन्यात एक दिवस मुख्य केबल मुद्दाम बाजूला ठेवून तालुक्याचे काम त्या दुव्यावर चालवून पाहावे. सराव फसला तर दुरुस्तीला निदान दोन आठवडे हाती असावेत, म्हणून तो १५ मेच्या आत व्हावा.